हिमालयाची विमानफेरी: दोघांनी जायचे, दोघांनी ठरवायचे

लग्नाला पंचवीस वर्षे होतात, मुले हाताशी येतात, घराचे हप्ते संपत येतात, आणि मग एखाद्या रात्री जेवण उरकल्यावर नवरा-बायकोच्या लक्षात येते की आपण दोघेच असे कधी कुठे गेलोच नाही. गेलो ते लग्नकार्याला, दवाखान्यात, नाहीतर दीक्षाभूमीला आणि चैत्यभूमीला. तेही मुलेबाळे, शेजारीपाजारी बरोबर घेऊन. आपल्या आईवडिलांच्या पिढीला तर एवढा विचार करायलाही उसंत नव्हती. आज आपली शिकलेली मुले लग्नानंतर आठ दिवस फिरून येतात आणि पन्नाशीतली जोडपीही धीर करून बाहेर पडतात. काही मंडळी याला चैन म्हणून नाक मुरडतात. प्रस्तुत लेखकाला तसे वाटत नाही. कष्टाच्या पैशातून नवरा-बायकोने चार दिवस एकमेकांना दिले, तर त्यात कुणाचे काय बिघडते?

या फिरण्यात आता विमानफेरीची भर पडली आहे. आपल्याकडून लुंबिनीच्या यात्रेला पुष्कळ लोक जातात. गोरखपूरपर्यंत रेल्वे, पुढे सुनौलीची सरहद्द आणि मग लुंबिनी, हा मार्ग परिचयाचा आहे. त्यातले बरेचजण पुढे काठमांडूला जाऊन स्वयंभू आणि बौद्धनाथ हे स्तूप पाहतात. तिथे उतरल्याबरोबर एजंट विचारतो, “साहेब, एव्हरेस्ट दाखवू का? विमानाने की हेलिकॉप्टरने?” चकचकीत कागदावर बर्फाची शिखरे असतात, खाली हसणारे जोडपे असते. माणूस भुलतो. म्हणून या आठवड्यात याच विषयाची नीट उजळणी करू.

काठमांडूहून सकाळी निघणारी पर्वतदर्शनाची विमानफेरी साधारण तासाभराची असते. विमान काठमांडूहून पूर्वेकडे जाते आणि त्याच वाटेने परत येते. जाताना हिमालयाची रांग डाव्या हाताला, येताना उजव्या हाताला. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या प्रवाशांना देखावा मिळतो. या फेरीसाठी फक्त खिडकीच्या जागा देण्याची पद्धत आहे. याचा एक गमतीदार परिणाम आधीच सांगून ठेवतो. जोडपे म्हणून तिकीट काढले तरी आत तुम्ही शेजारी शेजारी नसता. एक पुढे तर एक मागे, नाहीतर वाटेच्या अलीकडे-पलीकडे. हातात हात घेऊन हिमालय पाहायचा, ही सिनेमातली कल्पना तिथे चालत नाही. ज्याने त्याने आपल्या खिडकीतून पाहायचे आणि खाली उतरल्यावर एकमेकांना सांगायचे.

दिसते काय? ७,१३४ मीटरचे गौरीशंकर, ८,५१६ मीटरचे ल्होत्से आणि त्याच्या मागे डोके काढणारे एव्हरेस्ट. नेपाळी लोक त्याला सगरमाथा म्हणतात, तिबेटी लोक चोमोलुंग्मा. नेपाळ आणि चीन यांनी डिसेंबर २०२० मध्ये मिळून जाहीर केलेली त्याची उंची ८,८४८.८६ मीटर आहे. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच कळसूबाई १,६४६ मीटरचे. म्हणजे पाच कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी एव्हरेस्ट वरच उरते. विमान शिखरावरून जाते असा पुष्कळांचा समज असतो, तो बरोबर नाही. या फेरीला एटीआर जातीची विमाने वापरतात. त्यांना २५,००० फुटांच्या वर जाता येत नाही आणि शिखर आहे २९,००० फुटांच्याही वर. म्हणून विमान अंतर राखून बाजूने जाते आणि विमानात बसूनही शिखराकडे वर मान करूनच पाहावे लागते.

शिखर पाहण्यापूर्वी त्याची थोडी माहिती असली तर आनंद वाढतो. सर्वेक्षण खात्यात गणक असलेल्या राधानाथ सिकदार यांनी १८५२ मध्ये आकडेमोडीतून हे शिखर जगात सर्वांत उंच असल्याचे दाखवून दिले, असे सांगितले जाते. नाव मात्र १८६५ मध्ये पडले ते साहेबाचे! कारकुनी करणाऱ्या माणसाला या हकिकतीत आपलेपणा वाटल्यावाचून राहत नाही. शेर्पा तेनसिंग आणि हिलरी २९ मे १९५३ रोजी माथ्यावर पोहोचले. बचेंद्री पाल या पहिल्या भारतीय महिला तिथे पोहोचल्या त्या १९८४ साली. आणि २५ मे २०१४ रोजी तेलंगणातील मालावत पूर्णा ही १३ वर्षांची आदिवासी मुलगी आणि आनंद कुमार हा दलित मुलगा, दोघेही समाजकल्याण निवासी शाळेचे विद्यार्थी, त्या माथ्यावर उभे राहिले. विमानात ही गोष्ट आपल्या जोडीदाराला सांगता आली नाही, तरी आदल्या रात्री जरूर सांगा.

आता निवडीचे बोलू. विमानाची केबिन बंद आणि हवेचा दाब राखणारी असते. त्यामुळे उंचीचा त्रास सहसा होत नाही. हेलिकॉप्टरचे तसे नसते. त्याच्या सहलीत पाच-साडेपाच हजार मीटरवरील काला पत्थरला काही मिनिटे उतरवतात, किंवा ३,८८० मीटरवरील स्यांगबोचेच्या हॉटेलात नाश्ता देतात. सकाळी काठमांडूत असलेला माणूस तासा-दोन तासांत इतक्या विरळ हवेत उभा राहतो. धाप लागते, डोके जड होते. रक्तदाब, दमा, हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा विचार करू नये. खर्चही विमानाच्या कितीतरी पट. तिसरा प्रकार पोखऱ्याचा. फेवा तळ्याच्या आसपास, अन्नपूर्णा आणि माछापुछ्रेसमोर, अल्ट्रालाइट नावाची छोटी उघडी याने उडतात. त्यात वैमानिक आणि एकच प्रवासी बसतो. म्हणजे नवरा एका यानात, बायको दुसऱ्यात! ज्याला वारा अंगावर घ्यायचा आहे त्याच्यासाठी ठीक, पण जोडीने आठवण करायची असेल तर याचा विचार आधी करावा.

सहल कोणतीही घ्या, हवामानाला विसरू नका. पावसाळ्यानंतरचे ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने सर्वांत स्वच्छ. मार्च-एप्रिलमध्ये धुरकट हवा असते. डिसेंबर-जानेवारीत काठमांडूवर सकाळी धुके उतरते आणि उड्डाण लांबते. जून ते सप्टेंबर ढगांचे दिवस. सकाळचे पहिले उड्डाण घ्यावे, कारण ऊन चढले की ढग आणि वारा दोन्ही वाढतात.

काही अपघातांची आठवण देणे इथे आवश्यक आहे. घाबरवण्याचा हेतू नाही, पण जाहिरातीत हे कुणी छापत नाही. २५ सप्टेंबर २०११ रोजी एव्हरेस्ट दाखवून परतणारे बुद्ध एअरचे छोटे विमान काठमांडूजवळ कोटडांडाच्या टेकडीवर ढगात आदळले. १९ जण मृत्युमुखी पडले, त्यांत १० भारतीय होते. ११ जुलै २०२३ रोजी एव्हरेस्ट भागातून पर्यटकांना घेऊन परतणारे हेलिकॉप्टर कोसळून सहाजण गेले. त्यानंतर तिथल्या नागरी उड्डाण प्राधिकरणाने अशा सहलींच्या उड्डाणांना सप्टेंबरपर्यंत मनाई केली. आपल्या देशात १५ जून २०२५ रोजी केदारनाथहून परतणारे हेलिकॉप्टर गौरीकुंडाजवळ खराब हवेत कोसळले. सातजण गेले, त्यांत महाराष्ट्रातले एक कुटुंबही होते. तारखा पाहा. जून, जुलै, सप्टेंबर. तिन्ही वेळा डोंगरी मुलूख आणि पावसाळी हवेचे दिवस. अर्थात स्वच्छ हवा म्हणजे हमी, असेही नाही. १५ जानेवारी २०२३ रोजी पोखऱ्याला चांगल्या उजेडात विमान पडले आणि ७२ जण गेले. चौकशीत वैमानिकाच्या हातून चुकीचे दांडे ओढले गेल्याचे निष्पन्न झाले. युरोपीय संघाने डिसेंबर २०१३ मध्येच नेपाळच्या सर्व विमान कंपन्यांना आपल्या आकाशात मनाई केली होती. या सर्व काळात हजारो लोक सुखरूप फिरूनही आले, हेही तितकेच खरे. दोन्ही बाजू डोळ्यांसमोर ठेवूनच हो किंवा नाही म्हणावे.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी काही प्रश्न विचारा आणि उत्तरे लेखी घ्या. हवामानामुळे उड्डाण रद्द झाले तर पैसे परत मिळतात की दुसऱ्या दिवशी नेतात? परत मिळत असतील तर किती दिवसांत? जागा खिडकीचीच आहे ना? भारतीय नागरिकांसाठी वेगळा दर आहे का? प्रवासविम्यात हेलिकॉप्टर किंवा अल्ट्रालाइटचा अपघात धरला आहे की वगळला आहे? फेरी मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी ठेवू नका. एखादा दिवस हाताशी असला, तर ‘आज हवा नाही’ हे शब्द शांतपणे ऐकता येतात. उड्डाण रद्द करणारा माणूस आपला शत्रू नसतो. त्याच्यावर ओरडणारे प्रवासी पाहिले की वाईट वाटते.

कागदपत्रांत पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे ओळखपत्र दोघांचेही जवळ ठेवा. १५ ते ६५ वयाच्या प्रवाशाला नेपाळच्या विमानप्रवासासाठी आधार कार्ड चालत नाही. सरकारी नोकरांनी आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. रजा प्रवास सवलत देशाच्या हद्दीबाहेर लागू नाही आणि परदेशी जाण्यापूर्वी कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. पैशाविषयी एकच सांगणे. ही फेरी पतपेढीच्या कर्जावर करू नये. दरमहा थोडी रक्कम आवर्ती ठेवीत टाकावी, वर्ष-दीड वर्षाने मुदत संपली की त्यातून जावे. तासाभराच्या आनंदासाठी तीन वर्षे पगारातून कपात सोसणे हा हिशेब बसत नाही.

इतके सगळे पाहिले तरी मुख्य प्रश्न राहतोच. जिला न्यायचे तिला विचारले का?

आमच्या ओळखीतील एका गृहस्थांनी लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला पत्नीला चकित करायचे ठरवले. पोखऱ्याला गेल्यावर आदल्या संध्याकाळी त्यांनी खिशातून हेलिकॉप्टरची पावती काढली. बाईंना रक्तदाबाची गोळी चालू, उंचीची भीती लहानपणापासूनची. त्या रात्रभर जागल्या आणि सकाळी नको म्हणाल्या. एजंटाने अर्धे पैसे कापले. त्या नवऱ्याला एवढेच म्हणाल्या, “अहो, एक शब्द विचारला असतात तर मी म्हटलं असतं, दोघं तळ्याकाठी बसू, चहा घेऊ. एवढंच हवं होतं मला.” गृहस्थ प्रेमळच होते. पण त्यांनी प्रेम केले ते स्वतःच्या मनाने. उलटही घडते. बायकोला जायची हौस असते आणि नवरा मनातून घाबरलेला असतो, पण पुरुषाने भीती कशी सांगायची म्हणून डोळे मिटून बसतो.

सभेत आपण समतेवर तासभर बोलतो. घरात मात्र कुठे जायचे, कशाने जायचे, किती खर्च करायचे हे एकाने ठरवायचे आणि दुसऱ्याने आनंद मानायचा, असा रिवाज अजून पुष्कळ घरांत चालू आहे. भेट म्हणून दिली तरी ती एकतर्फीच. विमानफेरीची माहिती, तिचे धोके, तिचा खर्च हे सारे दोघांनी एका ताटात वाढून घ्यावे आणि मग हो किंवा नाही म्हणावे. नाही म्हणायचा हक्क दोघांनाही सारखा असावा, अगदी विमानतळावर पोहोचल्यावरसुद्धा.

तेव्हा वाचक बंधू-भगिनींनो, येत्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात लुंबिनीला जाण्याचा बेत असेल, तर आज रात्री जेवणानंतर हे पान जोडीदाराला वाचून दाखवा. तिने किंवा त्याने मनापासून हो म्हटले, तर सकाळचे पहिले उड्डाण पाहा आणि एक दिवस हाताशी ठेवा. नको म्हटले, तर स्वयंभूच्या पायऱ्या दोघांनी मिळून सावकाश चढा. हवा स्वच्छ असली तर हिमालयाची रांग काठमांडूच्या भोवतालच्या टेकड्यांवरूनही दिसते. तिथे दोघांना शेजारी शेजारी बसता येते.