उत्तराची मुदत

दिवाळीचे डबे भरताना आमच्या घरी एक शास्त्र काटेकोरपणे पाळले जाते. ओल्या नारळाच्या करंज्या आधी संपवायच्या, चकल्या आठवडाभर चालतील, शंकरपाळे देवदिवाळीपर्यंत उरले तरी चिंता नाही. ही मुदत खाणारा ठरवीत नाही. करणारी ठरवते, कारण आत काय घातले आहे ते तिलाच ठाऊक असते. माहितीला मात्र हा न्याय आपण लावीत नाही. कॉलेजच्या नोटीस-बोर्डावर 'उद्या तास होणार नाहीत' अशी बिनतारखेची चिठ्ठी लागते, आणि तो 'उद्या' पुढे आठवडाभर रोज उजाडत राहतो!

हा न्याय माहितीला लावणारी मंडळीही जगात आहेत, हे मला माझ्या भाच्यामुळे कळले. तो संगणकाच्या व्यवसायात आहे. "मामा, इंटरनेटवर पत्त्याचं प्रत्येक उत्तर आपली मुदत बरोबर घेऊनच निघतं," तो म्हणाला, आणि माझे कान टवकारले.

गोष्ट अशी. आपण संगणकाला नाव सांगतो. त्याला हवा असतो आकडा. पूर्वी अशा सर्व नावांची एकच यादी असे. ती कॅलिफोर्नियातील एक संशोधन-संस्था सांभाळी आणि बाकीचे तिची नक्कल उतरवून नेत. यंत्रे वाढली, तशी नक्कल हाती येईतो शिळी होऊ लागली. १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी 'डीएनएस' ही नवी रचना मांडली. ज्याचे नाव त्यानेच पत्ता सांगावा, मधल्या यंत्रांनी तो लक्षात ठेवावा. पण किती सेकंद ठेवावा, हेही मूळ मालकानेच सांगावे. ३०० म्हणजे पाच मिनिटे, ८६४०० म्हणजे अख्खा दिवस. या आकड्याला 'टाइम टु लिव्ह' म्हणतात. आपण सरळ मुदत म्हणू.

"मग मुदत नेहमी पाचच मिनिटांची का ठेवू नये?" मी विचारले.

"म्हणजे दर पाच मिनिटांनी सगळे पुन्हा मालकाच्या दारात! आणि तेवढ्यात त्याचं यंत्र बंद पडलं, तर पत्ता सांगणारं कुणीच उरत नाही. मुदत लांब असली की मधली यंत्रं तेवढा वेळ निभावून नेतात."

पण लांब मुदतीलाही मेख आहेच. समजा, मालकाने बिऱ्हाड बदलले. दिवसभराची मुदत घेऊन गेलेली उत्तरे गावोगाव पसरलेली. ती परत कशी बोलावणार? कुणाकडे गेली याची नोंदच नसते. तेव्हा शहाणा मालक हलण्याच्या निदान एक दिवस आधीच मुदत पाच मिनिटांवर आणतो, जुनी उत्तरे विरून जाऊ देतो, मग सामान हलवतो, आणि स्थिरस्थावर झाल्यावर मुदत पुन्हा वाढवतो. हलल्यानंतर मुदत कमी करणे म्हणजे वरात गेल्यावर घोडे आणणे. गंमत म्हणजे 'असे नाव नाही' हा नकारही लक्षात ठेवला जातो. १९९८ च्या नियमांनी त्यालाही नीट मुदत बांधून दिली. नकारही कायमचा नसावा, हे मला फार आवडले.

मोठ्या दुकानांची यंत्रे वरचेवर लागणारी माहिती मूळ कोठारातून काढून जवळच्या फडताळात ठेवतात. तिलाही मुदत असते. हजारो नोंदींची मुदत एकाच क्षणी संपली, तर सगळी गर्दी एकदम कोठारावर कोसळते. म्हणून जाणकार प्रत्येकीची मुदत थोडी मागेपुढे ठेवतात.

हे ऐकल्यापासून मला फोनवर फिरणारे ते निरोप आठवतात: 'आज रात्री रक्त हवे आहे, तातडीने कळवा.' आज म्हणजे कधी? रुग्ण बरा होऊन घरी गेलेला असतो, निरोप मात्र वर्षानुवर्षे हिंडत असतो. नातलगांना रात्री-अपरात्री फोन येतात, ते एक असो. पण ज्याला आज खरोखरच रक्त हवे आहे, त्याचा निरोप लोक 'जुनाच असेल' म्हणून बाजूला सारतात, हे फार वाईट. निघालेला शब्द परत बोलावता येत नाही, हे यंत्रे बांधणाऱ्यांनी आधीच गृहीत धरले. आपण निदान निरोपाखाली तारीख घालावी, आणि तो कधीपर्यंत खरा मानायचा, तेही लिहावे. एका ओळीचे तर काम आहे!