पानात अडकलेला जावा
सन मायक्रोसिस्टिम्सने १९९९ मध्ये जावा सर्व्हर पेजेस, म्हणजे जेएसपी, आणलं तेव्हा एचटीएमएलच्या मधोमध थेट जावा लिहिता येणं हे त्याचं मोठं आकर्षण होतं. पण मग तारीख किंवा रक्कम नीट मांडून दाखवणारा दहा ओळींचा तुकडा एका पानावरून दुसऱ्यावर चिकटवला जाई आणि नियम बदलला की एकेक पान शोधत बसावं लागे. काहींनी तो पानातल्याच घोषणेच्या भागात मेथड म्हणून ठेवला, सोबत दोन-चार व्हेरिएबलंही. खरी गोम इथेच आहे. टॉमकॅटसारखा सर्व्हर प्रत्येक जेएसपीचं आधी सर्व्हलेट, म्हणजे एक जावा क्लास, बनवतो. घोषणेतलं व्हेरिएबल त्या क्लासचं फील्ड होतं आणि त्याचं एकच ऑब्जेक्ट एकाच वेळी अनेकांच्या रिक्वेस्ट हाताळत असल्यामुळे एका ग्राहकाचं नाव दुसऱ्याच्या पानावर उमटू शकतं. चाचणी करणारा एकटाच पान उघडतो, म्हणून ही चूक बहुधा गर्दीच्या वेळीच उघड होते, आणि तोवर कुणाची तरी खासगी माहिती परक्याच्या डोळ्यांखालून गेलेली असते! पुढे टॅग लायब्ररी आल्या, २००२ मध्ये जेएसटीएल ही प्रमाणित टॅग लायब्ररी आली, २००३ च्या जेएसपी २.० मध्ये टॅग फाइलींची सोय झाली; पुन्हापुन्हा लागणाऱ्या मांडणीसाठी त्या उत्तमच. हिशेब आणि नियम मात्र साध्या जावा क्लासमध्येच हवेत: ते सर्व्हर न चालवता जेयुनिट या चाचणीच्या साधनाने तपासता येतात आणि रात्री बिलं तयार करणाऱ्या प्रोग्रॅमलाही तेच वापरता येतात.