पानगळ की आजार?

माघ-फाल्गुनात वऱ्हाडातील कडुनिंब पाने गाळतो आणि दुकानांच्या पायऱ्यांवर रोज पिवळा केर साचतो. चैत्र लागताच त्याच फांद्यांवर तांबूस पालवी फुटते. पाठोपाठ येणाऱ्या पांढऱ्या मोहोराचा सुगंध गल्लीभर दरवळतो. वैशाखात अकोला-अमरावतीचा पारा ४५ अंशांकडे सरकतो, तेव्हा ग्राहकाला आणि हमालाला हीच सावली आधार देते.

हा ऋतुक्रम ध्यानी असला की आजार ओळखणे सोपे जाते. पावसाळा सरताना, म्हणजे पानगळीचा काळ नसताना, कडुनिंबाचे शेंडे तपकिरी होऊन वाळू लागले, तर ती बहुधा बुरशीजन्य मर असते. झाड करपल्यासारखे दिसते आणि ‘मेले’ असे समजून तोडण्याची भाषा सुरू होते. मोठे झाड मात्र सहसा मरत नाही. पुढील चैत्रात ते पुन्हा पालवते. वाळलेले शेंडे छाटून दूर करावेत आणि मोठ्या कापांवर बोर्डो लेप लावावा. १०० ग्रॅम मोरचूद व १०० ग्रॅम कळीचा चुना प्लास्टिकच्या भांड्यांत अर्ध्या-अर्ध्या लिटर पाण्यात वेगवेगळे भिजवून एकत्र केले की हा लेप तयार होतो. वरुड-मोर्शीच्या संत्रा बागायतदारांना तो डिंक्या रोगावरील उपाय म्हणून परिचित आहे.

करंजाच्या पानांवर बोटांसारख्या गाठी दिसतात. त्या अतिसूक्ष्म कोळ्यांमुळे होतात. पान कुरूप होते, वृक्षाला सहसा धोका नसतो. गुलमोहराच्या बुंध्याशी मात्र कठीण, तपकिरी छत्रीसारखी बुरशी उगवली, तर दुर्लक्ष करू नये. मुळे आतून कुजत असल्याची ती खूण आहे. वैशाखात लाल फुलांनी डवरलेले असे झाड पहिल्याच वादळात कोसळू शकते. म्हणून जाणकाराकडून वेळीच तपासणी करून घ्यावी.

पुष्कळदा आजाराला वाट माणूसच करून देतो. बुंध्यापर्यंत नेलेले सिमेंट मुळांचे पाणी आणि हवा तोडते. पाटीसाठी ठोकलेला खिळा सालीला जखम करतो. बुंध्याभोवती निदान तीन-चार फूट माती मोकळी ठेवली, तर निम्मे औषध तेथेच झाले.

शहरी भागात झाड तोडण्यासाठी १९७५ च्या महाराष्ट्र वृक्ष संरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते. पण कायद्याच्याही आधी जैन दर्शनाने वृक्षाला एकेंद्रिय जीव मानले आहे. वाळलेल्या दिसणाऱ्या कडुनिंबाला एका चैत्राची मुदत देणे, एवढे तरी त्या श्रद्धेला धरून होईल.