दोन देशांचा हिशेब आणि विणकराचा प्रश्न

वाचकहो, 'खुल्या व्यापाराने दोन्ही देशांचा फायदा होतो' हे वाक्य आपण भाषणांत आणि बातम्यांत वारंवार ऐकतो. आमच्या मते त्यावर डोळे मिटून विश्वासही ठेवू नये आणि ऐकताक्षणी संतापूही नये. आधी हिशेब करून पाहावा. तो पाचवीतल्या मुलालाही जमेल इतका सोपा आहे.

डेव्हिड रिकार्डो या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८१७ साली तो मांडला. देश दोन, इंग्लंड आणि पोर्तुगाल. माल दोन, कापड आणि द्राक्षाची दारू. (उदाहरण दारूचे आहे म्हणून नाक मुरडू नये, आपल्याला त्यातला हिशेब तेवढा घ्यायचा आहे.)

समजा, इंग्लंडात ठरावीक कापडासाठी वर्षभर १०० माणसे लागतात आणि ठरावीक दारूसाठी १२०. पोर्तुगालात तेवढ्याच कापडाला ९० आणि तेवढ्याच दारूला ८० माणसे पुरतात. म्हणजे दोन्ही कामांत पोर्तुगालच सरस. मग त्याने इंग्लंडचे कापड का घ्यावे?

कारण असे. पोर्तुगालने कापड घरीच केले तर ९० माणसे खर्ची पडतात. ८० माणसांनी केलेली दारू देऊन तेच कापड मिळाले तर १० माणसांचे श्रम वाचतात. इंग्लंडला दारूसाठी १२० माणसे लागली असती. ती १०० माणसांच्या कापडाच्या बदल्यात मिळाली, म्हणजे २० माणसांचे श्रम वाचले. दोघांचाही फायदा! याला तुलनात्मक लाभाचे तत्त्व म्हणतात. सर्वच कामांत मागे असलेल्या देशालाही, ज्या कामात तो सर्वांत कमी मागे आहे ते करून, व्यापारात जागा मिळते.

हिशेबात चूक नाही. पण हा हिशेब देशाचा आहे, घराचा नाही. पोर्तुगालातल्या त्या ९० विणकरांचे काय? कागदावर ते मागावरून उठतात आणि द्राक्षमळ्यात जातात. प्रत्यक्षात हातातले कसब वाया जाते, गाव सुटते आणि मळ्यात सर्वांना काम मिळेलच असे नाही. वाचलेल्या श्रमाला दुसरे काम मिळाले तर तो फायदा. नाहीतर ती बेकारी!

या दोन देशांत १७०३ साली खरोखरच मेथुएन करार झाला होता. पोर्तुगालने इंग्लंडच्या लोकरी कापडाला दार उघडले. बदल्यात पोर्तुगालच्या दारूवर इंग्लंडात फ्रेंच दारूपेक्षा एक तृतीयांश कमी जकात बसली. पुढे कापडधंद्यात इंग्लंड आघाडीवर गेला, पोर्तुगाल मागे राहिला.

आणखी एक गोष्ट स्वतः रिकार्डोनेच सांगून ठेवली आहे. भांडवल सहज देशाबाहेर जाऊ शकले असते, तर कापड आणि दारू दोन्ही पोर्तुगालातच करणे फायद्याचे ठरले असते. मग इंग्लंडच्या विणकराने कुठे जायचे? रिकार्डोच्या काळी भांडवल सहसा देश सोडत नसे. आज ते सहज सोडते. विणकराला मात्र आजही घरदार सोडून जाणे तितके सोपे नाही.

म्हणून 'देशाचा फायदा झाला' असे कोणी म्हणाले की आपण दोन प्रश्न विचारावेत. तो फायदा कोणाच्या पदरात पडला? आणि ज्याचा माग बंद पडला, त्याला नवे काम शिकवण्यासाठी त्यातून काय खर्च झाले?

मुलांना हा हिशेब पाटीवर जरूर घालावा. बेरीज जुळली की शाबासकी द्यावी आणि मग विणकराचा प्रश्नही विचारावा.