‘सगळं नेटवर फुकट आहे की!’

गावात वाचनालयाचा विषय काढला की आमच्या नातेवाईक मंडळींत एक वाक्य हमखास येतं. "आता कशाला हवंय वाचनालय? सगळं नेटवर फुकट आहे की!" बोलणारा सहसा मुंबईला नाहीतर पुण्याला राहणारा असतो, त्याच्या घरी पुस्तकांची दोन कपाटं असतात, आणि त्याने स्वतः नेटवर शेवटचं पुस्तक कधी वाचलं हे विचारायचं नसतं. (मी एकदा विचारलं. विषय ताबडतोब आंब्यांवर गेला.)

तर मंडळी, आज या वाक्याचाच समाचार घ्यायचा आहे.

आधी हे कबूल करू की वाक्य निम्मं खरं आहे. फुकट आहे, आणि रग्गड आहे. मराठी विश्वकोशाचे खंड, ज्यांच्यासाठी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी आयुष्याची वर्षं घातली, ते घरबसल्या वाचता येतात. केतकरांचा ज्ञानकोश आहे. मोल्सवर्थचा आणि दाते-कर्व्यांचा शब्दकोश शिकागो विद्यापीठाने नेटवर ठेवलाय. साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं उतरवून घेता येतात, बालभारतीची पाठ्यपुस्तकं तर आहेतच. आणि साने गुरुजी! आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी लेखन सगळ्यांचं होतं. गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे २०११ पासून त्यांचं लेखन कुणीही छापावं, वाटावं. धोपाव्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडली की दापोली तालुका, त्यात गुरुजींचं पालगड. एवढ्या जवळचा माणूस आणि एवढा फुकट.

मग गावातल्या नववीतल्या मुलाला यातलं काय माहीत असतं? मी आमच्या वाडीतल्या एकाला विचारलं. त्याला विश्वकोश नावाची काही चीज आहे हेच ठाऊक नव्हतं. त्याला गोपाळगडावर निबंध लिहायचा होता. त्याने मोबाईलवर शोधलं, वर आलेलं पहिलं पान उतरवून काढलं आणि मोकळा झाला. गोपाळगड त्याच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे! त्या पोराला मी दोष देत नाही. त्याच्या खिशात अख्खं ग्रंथालय आहे हे त्याला कुणी सांगितलंच नाही. वस्तू फुकट असली तरी ती आहे हे सांगायला माणूस लागतो, आणि तो माणूस फुकट मिळत नाही. माझं सगळं भांडण एवढ्यावरच आहे.

अंजनवेलचंच उदाहरण घ्या. या गावाबद्दल जगात किती कागद आहे याची आपल्याला कल्पना तरी आहे का? १८८० साली इंग्रजांनी काढलेल्या रत्नागिरीच्या गॅझेटिअरमध्ये आपल्या किल्ल्याची नोंद आहे. तुळाजी आंग्र्यांनी १७४५ मध्ये तो सिद्दीकडून घेतला, ती हकीकत इतिहासाच्या पुस्तकांतून मिळते. आणि मग एन्रॉन. १९९३ चा वीजखरेदी करार, मुंडे समिती, १९९५ मध्ये प्रकल्प रद्द, पुन्हा वाटाघाटी, २००१ मध्ये प्रकल्प बंद, त्याच वर्षी माधव गोडबोले समितीचा अहवाल. सगळ्या देशाच्या वीज धोरणाची चर्चा आपल्या अंगणात झाली. ह्युमन राइट्स वॉच या संस्थेने १९९९ मध्ये या प्रकल्पावर पुस्तकाएवढा अहवाल काढला. १९९७ च्या जूनमध्ये वेलदूरला पोलीस घुसले त्याचं वर्णन त्यात आहे. तो नेटवर आहे. फुकट आहे. इंग्रजीत आहे! ज्या बायकांबद्दल ते लिहिलंय त्यांच्यापैकी किती जणींच्या हातात ते पडलं असेल, तुम्हीच सांगा.

वाचनालय म्हणजे माझ्या मते हेच. कुणीतरी तो अहवाल उतरवून घ्यावा, त्यातला आपल्या गावांचा भाग मराठीत करावा, छापून स्पायरल बाइंडिंग करून फळीवर ठेवावा. शेजारी गॅझेटिअरची पानं. शेजारी गोपाळगडावर जे जे छापून आलंय त्याची कात्रणं. खर्च किती? एका वाढदिवसाच्या केकएवढा. आणि मग तो नववीतला मुलगा आला की त्याच्यापुढे टाकावं, "हे बघ, हे वाच आणि मग लिही."

हे करणारा माणूस कोण? ग्रंथपाल. आणि आता त्याच्या पगाराकडे वळू, कारण खरी लाज तिथे आहे.

महाराष्ट्रात शासनमान्य ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. खेड्यातलं छोटं वाचनालय बहुधा ‘ड’ वर्गात. २०२२ च्या अखेरीस सरकारने अनुदान ६० टक्क्यांनी वाढवायचं ठरवलं तेव्हा केवढा गाजावाजा झाला! त्या वाढीने ‘ड’ वर्गाचे ३० हजारांचे ४८ हजार झाले. महिन्याचे नाहीत हो, वर्षाचे. म्हणजे महिन्याला ४ हजार. त्यात पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीजबिल आणि ग्रंथपाल. समजा पुस्तक एकही घेतलं नाही, दिवा लावलाच नाही आणि सगळे पैसे माणसाला दिले तरी ४ हजार. एवढ्या पैशात संध्याकाळी दोन तास कुलूप उघडणारा माणूस मिळतो. पुस्तक सुचवणारा मिळाला तर ते आपलं नशीब, हक्क नव्हे.

आणि हे काही आकाशातून पडलेलं नाही. मद्रासच्या १९४८ च्या ग्रंथालय कायद्यात मालमत्ता करावर ग्रंथालयासाठी उपकर ठेवला, त्यामागे रंगनाथन होते. कर्नाटकाने १९६५ च्या कायद्यात तसंच केलं. आपला महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा, शेजाऱ्यांचं पाहून केलेला, पण उपकर तेवढा वगळला. तेव्हापासून आपली ग्रंथालयं अनुदानाकडे डोळे लावून बसलेली. म्हणजे ती सार्वजनिक आहेत, पण सरकारची नाहीत आणि पुरती लोकांचीही नाहीत. मधल्यामधे. १८२८ पासून ग्रंथालय असलेल्या रत्नागिरीच्या जिल्ह्यात आपण राहतो, हा अभिमान भाषणात ठीक आहे.

याहून जुनं आणि याहून चांगलं आपल्याच एका मराठी राजाने करून दाखवलं होतं, बडोद्याला. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बोलावला आणि मोफत ग्रंथालयांचं जाळं विणलं. गावाने तिसरा हिस्सा जमवायचा, तिसरा प्रांत पंचायतीने द्यायचा, तिसरा सरकारने. जिथे वाचनालय नाही तिथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या जायच्या. फिरतं ग्रंथालय! नेट नव्हतं, मोबाईल नव्हता. तरी पेटी जायची, कारण ती पाठवणं हे कुणाचं तरी पगारी काम होतं. जवळपास शंभर वर्षांनी, २००९ मध्ये, नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं, त्यातही पेटीच. मला हे फार आवडतं. पण हेही दिसतं की एका राज्याचं खातं जे करत होतं ते आता लोकांनी देणग्या गोळा करून करायचं.

आता थोडं घरच्यांबद्दल. रागावू नका.

आपण गावच्या वाचनालयाला ‘पुस्तकं दान’ करतो. काय देतो? मुलाच्या बारावीची गाइडं, १९९८ च्या आवृत्तीची स्पर्धा परीक्षेची पुस्तकं, पानं सुटलेली आणि पहिलं पान आजोबांच्या सहीचं. घर लावताना जे रद्दीवाल्याला देववत नाही ते गावाला. वर पावती मागतो आणि नाव फळ्यावर आलं नाही तर रुसतो. मी एका वाचनालयाचं (नाव घेत नाही) दान आलेलं कपाट पाहिलंय. त्यात एकाच विमा कंपनीच्या डायऱ्या होत्या अकरा. वाचायला लहान मुलांचं एकही नाही. कपाटाला कुलूप, आणि किल्ली कार्यवाहांच्या घरी, "मुलं पुस्तकं खराब करतात" म्हणून. रंगनाथनांनी १९३१ साली पहिला नियम सांगितला की पुस्तकं वापरण्यासाठी असतात. आपण त्यावर कुलूप घातलं आणि १५ ऑक्टोबरला त्याच कपाटापुढे वाचन प्रेरणा दिनाचा फोटो काढला.

‘फुकट दिलं की किंमत राहत नाही’ हा दुसरा आवडता मुद्दा. म्हणून अनामत शंभर, वर्गणी वीस. मुंबईच्या माणसाला हसू येईल, पण वाडीतली तीन भावंडांची आई तीन अनामती भरत नाही, ती एकही भरत नाही. शाळेत जाणाऱ्या मुलाला वाचनालय फुकटच हवं. रस्त्यावरच्या दिव्याची किंमत राहावी म्हणून आपण त्याखालून जाणाऱ्याकडून वर्गणी घेत नाही ना?

बरं, मोबाईलवर काय वाचावं हेही शेवटी कुणीतरी सुचवतच असतं. तिथे सुचवणारं यंत्र आहे आणि त्याला तुम्ही आणखी एक व्हिडिओ पाहायला हवा असतो. सरकारही दरवर्षी शासनमान्य ग्रंथांची यादी काढतं, ती उपयोगाची आहे, पण यादीला समोरचं पोर दिसत नाही. ज्याने ‘श्यामची आई’ अर्ध्यावर टाकली त्याला रडकं नको, शिकारीचं हवं, हे ग्रंथपालाला पाचव्या मिनिटाला कळतं. ते कळणं विकत घ्यायला हवं. महिन्याला आठ-दहा हजार रुपये.

मी हिशेब केलाय. आमच्याच कुटुंबातली मुंबई-पुण्याची वीस घरं महिन्याला पाचशे देऊ शकतात, आणि देवळाच्या रंगकामाला आपण याहून जास्त दिलेत. सरकारकडून उपकर मागायचाच, पण तो येईपर्यंत पोरं दहावी होऊन जातील. तेव्हा या गणपतीत मी हा विषय काढणार आहे, आरती झाल्यावर, मोदक वाढायच्या आधी. ज्याला म्हणायचं असेल की सगळं नेटवर फुकट आहे, त्याने येताना गोडबोले समितीचा अहवाल उतरवून, छापून आणावा. दोन प्रती.