तिसऱ्या उमेदवाराचे मत

निवडणुका जवळ आल्या की मध्यमवर्गीय घरांतून एक वाद हमखास रंगतो. वडील म्हणतात, जो निवडून येणारच नाही त्याला मत देणे म्हणजे मत पाण्यात घालणे. मुलगा म्हणतो, सारेच असा हिशेब करीत राहिले तर नवा माणूस पुढे येणार कधी? दोघांचेही म्हणणे प्रामाणिक असते. परंतु मतदानयंत्रावर बोट ठेवण्याच्या त्या एका क्षणाचे परिणाम पाच वर्षे भोगावे लागतात. म्हणूनच हा वाद घरगुती म्हणून सोडून देता येत नाही.

2009 ची लोकसभा निवडणूक या दृष्टीने आठवण्यासारखी आहे. उत्तर मुंबईतून पूर्वी पाच वेळा निवडून गेलेले राम नाईक त्या वर्षी काँग्रेसच्या संजय निरुपम यांच्याकडून अवघ्या 5,779 मतांनी पराभूत झाले. त्याच मतदारसंघात महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या उमेदवाराला सुमारे 1 लाख 47 हजार मते पडली होती. ईशान्य मुंबईत किरीट सोमय्या तीन हजारांहूनही कमी मतांनी हरले. तेथे मनसेच्या मतांचा आकडा 1 लाख 95 हजारांच्या घरात होता. मुंबईच्या सहाही जागा काँग्रेस आणि राष्ट्रवादीच्या पदरात पडल्या. मनसेची सारी मते मुळात युतीचीच होती, असे मानणे अर्थातच चूक ठरेल. त्यांतील काही मतदार घरी बसले असते, काही काँग्रेसकडेही वळले असते. पण उत्तर मुंबईत शंभरातील चौघांचा आणि ईशान्य मुंबईत दोघांचा कौल जरी युतीच्या पारड्यात अधिक पडता, तरी निकाल फिरला असता. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ ही म्हण निवडणुकीच्या गणितात शब्दशः खरी ठरते.

हा काही मराठी माणसाचाच दोष नव्हे. दोष असलाच तर तो पद्धतीचा आहे. ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, मग ती एकूण मतांच्या निम्म्याहून कमी का असेनात, हा नियम जेथे जेथे आहे तेथे लढत दोघांभोवती आवळत जाते आणि तिसऱ्याची मते प्रायः त्याला जो जवळचा त्याचेच नुकसान करतात. अमेरिकेत 2000 साली राष्ट्राध्यक्षपदाचा निकाल अखेर एकट्या फ्लोरिडा राज्यावर येऊन ठेपला. तेथे जॉर्ज बुश यांनी अल गोर यांच्यावर केवळ 537 मतांनी मात केली आणि ग्रीन पक्षाचे राल्फ नेडर यांना त्याच राज्यात 97 हजारांहून अधिक मते मिळाली होती. पर्यावरणाच्या प्रेमापोटी नेडर यांना मत देणाऱ्यांना पर्यावरणाचा आग्रह धरणारे गोर नकोत, बुश हवेत, असे खचितच म्हणायचे नव्हते. परंतु मतपेटी मतदाराचा हेतू मोजत नाही, ती मते मोजते.

मग वडिलांचेच म्हणणे खरे मानायचे काय? येथे राष्ट्रवादी विचाराच्या कार्यकर्त्याने स्वतःचा इतिहास विसरता कामा नये. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भारतीय जनसंघाला लोकसभेच्या अवघ्या तीन जागा आणि सुमारे तीन टक्के मते मिळाली. त्या काळी दिव्याला मत देणाऱ्या प्रत्येकाला शेजाऱ्याने हेच ऐकवले असेल, की मत वाया घालवलेत! 1957 मध्ये चार, 1962 मध्ये चौदा, 1967 मध्ये पस्तीस, अशी ती वाट पायरीपायरीने चढली गेली. वाया गेलेल्या मतांचाच पुढे पाया झाला.

मात्र त्याच इतिहासाचे दुसरे पानही वाचले पाहिजे. 1963 च्या पोटनिवडणुकांत जौनपूरमधून पं. दीनदयाळ उपाध्याय स्वतः उभे राहिले आणि पराभूत झाले. त्याच वेळी फर्रुखाबादमध्ये डॉ. राममनोहर लोहियांसारख्या समाजवादी नेत्यासाठी जनसंघाचे कार्यकर्ते राबले आणि लोहिया लोकसभेत गेले. एकाच हंगामात एके ठिकाणी स्वतःचे बीज पेरणे आणि दुसरीकडे दुसऱ्याचे पीक वाचवणे, यात कोणालाही तत्त्वच्युती वाटली नाही. कोठे लढायचे आणि कोठे थांबायचे, याचा विवेक त्यांच्यापाशी होता.

हा विवेक मतदारसंघागणिक वेगळा निर्णय मागतो. त्याच 2009 मध्ये नाशिकला समीर भुजबळ यांच्याशी खरी झुंज दिली ती मनसेच्या हेमंत गोडसे यांनी. ते सुमारे 22 हजार मतांनी हरले आणि युतीचा उमेदवार तिसऱ्या क्रमांकावर गेला. म्हणजे मुंबईत जो 'मते खाणारा' ठरला, तो नाशिकमध्ये मुख्य स्पर्धक होता आणि तेथे मते खाल्ली ती युतीने! तिसरा कोण, हे पक्षाच्या वयावरून वा नावावरून ठरत नसते. त्या त्या मतदारसंघातील जमिनीवर ठरते.

म्हणून मतदाराने दोन प्रश्न स्वतःला विचारावेत. येथे खरी लढत कोणा दोघांत आहे आणि त्यांतील कोण निवडून आल्यास अधिक हानी होईल, हा पहिला. निकालाच्या दुसऱ्या दिवशी हा तिसरा उमेदवार आणि त्याची माणसे वस्तीत दिसतील काय, हा दुसरा. ज्याच्यामागे संघटनेची मशागत आहे, त्याला दिलेले मत हरूनही रुजते. केवळ सभांच्या गर्दीवर आणि संतापाच्या लाटेवर आलेले मत लाटेबरोबर ओसरते. 2009 च्या विधानसभेत 13 आमदार निवडून आणणारा पक्ष 2014 मध्ये एकावर आला, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

आणि एक प्रश्न कार्यकर्त्यांनीही स्वतःला विचारावा. मते फुटली म्हणून मतदाराला बोल लावणे सोपे असते. पण हक्काचा म्हणवला जाणारा मतदार तिसऱ्याच्या दारी का गेला? घरचे कोणी विचारीत नाही, असे वाटल्यावाचून माणूस घर सोडत नाही. 'आमच्याशिवाय तुम्हाला पर्याय नाही' हे वाक्य मतदाराला पटणारे नाही, डिवचणारे आहे. व्यवहारी मतदानाचा उपदेश करण्याचा अधिकार त्यालाच पोहोचतो, जो मतदाराला गृहीत धरीत नाही.