'काइंड ऑफ ब्लू' जरा थांबू द्या

जॅझ ऐकायला सुरुवात कुठून करावी, असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू'. यादी कुणाचीही असो, पहिला मान त्यालाच. १९५९ सालचा हा अल्बम थोर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण नवख्या श्रोत्याचं त्यानं भलं होतं का, याची या स्तंभाला शंका आहे.

अडचण आहे ती त्याच्या गोडव्याची. पहिल्याच 'सो व्हॉट'चे सूर आपल्या काफी थाटाचे आहेत: गंधार-निषाद कोमल, बाकी शुद्ध. बत्तीस बारच्या आवर्तनात आठ बार षड्ज अर्ध्या सुरानं वर सरकतो आणि पुन्हा मूळ जागी येतो, एवढीच काय ती हालचाल. मराठी कानाला अडखळायला जागाच नाही. होतं असं की पाच मिनिटांत श्रोता रमतो, दहाव्या मिनिटाला त्याच्या हातात मोबाइल येतो आणि रेकॉर्ड खोलीतल्या पंख्यासारखी चालू राहते. कॉफीच्या दुकानांनी तर हा अल्बम पार शोभेचा करून टाकलाय.

तेव्हा आधी सॉनी रॉलिन्सचा 'सॅक्सोफोन कलॉसस' लावावा.

२२ जून १९५६ रोजी तो ध्वनिमुद्रित झाला, न्यू जर्सीतल्या हॅकन्सॅक गावी. स्टुडिओ कसला, रुडी व्हॅन गेल्डर या ध्वनिमुद्रकाच्या आईवडिलांच्या घराची बैठकीची खोली. व्हॅन गेल्डर पोटापाण्यासाठी दिवसा लोकांचे डोळे तपासायचा आणि त्यातून वाचलेल्या वेळात जॅझमधली कितीतरी नावाजलेली मुद्रणं करायचा. रॉलिन्स तेव्हा पंचविशीत. सोबत पियानोवर टॉमी फ्लॅनगन, बेसवर डग वॉटकिन्स आणि ड्रम्सवर मॅक्स रोच. पाच रचना, जेमतेम चाळीस मिनिटं.

पहिली 'सेंट थॉमस'. रॉलिन्सच्या आईचं मूळ व्हर्जिन बेटांचं. तिच्याकडून लहानपणी ऐकलेली ही कॅरिबियन चाल. ती वाजवून झाल्यावर रॉलिन्स पुढं काय करतो, तिकडं कान द्यावा. तो दोन सुरांचा एक तुकडा उचलतो. फक्त दोन. तोच पुन्हा वाजवतो, थोडा उशिरा वाजवतो, उलटा करतो, मधे जागा सोडतो, आणि त्या चिमुकल्या तुकड्यातून मोठी वाक्यं बांधत जातो. बढत ऐकून ज्यांचा कान तयार झालाय, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. फरक एवढाच, की इथं तानपुऱ्याचा स्थिर षड्ज नाही. खाली पियानोची स्वरसंगती सारखी बदलते आणि वाजवणाऱ्याला प्रत्येक वळणावर तिचं भान ठेवावं लागतं. जॅझमधली खरी गंमत ती, आणि ती इथं उघड्यावर दिसते.

चौथी रचना 'मॉरिटाट' म्हणजे बर्टोल्ट ब्रेश्ट आणि कुर्ट वाइल यांच्या १९२८च्या 'थ्री पेनी ऑपेरा'तलं मॅक द नाइफचं गाणं. त्याच नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी 'तीन पैशाचा तमाशा' बेतलं. आणि शेवटची 'ब्लू सेव्हन' ही अकरा मिनिटांहून मोठी. आधी एकट्या बेसची चाल, मग बारा बारचं, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं आवर्तन. त्यावर रॉलिन्स सुरुवातीलाच एक तिरपागडा स्वरसमूह मांडतो आणि मग त्याला सोडतच नाही. गंथर शुलर या संगीतकार-समीक्षकानं १९५८मध्ये या एका वादनावर सविस्तर लेख लिहिला आणि तो गाजला. एवढं कौतुक होऊनही रॉलिन्सचं समाधान काही झालं नाही. १९५९ला त्यानं जाहीर कार्यक्रम बंद केले आणि दोनेक वर्षं न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन तासन्‌तास रियाज केला. पुढं साठच्या दशकाच्या अखेरीस हा माणूस मुंबईत पवईच्या आश्रमात काही महिने राहून गेला आणि १९७८च्या पहिल्या 'जॅझ यात्रे'त मुंबईकरांसमोर वाजवून गेला.

दुसरी शिफारस: ड्यूक एलिंग्टनचा 'एलिंग्टन ॲट न्यूपोर्ट'. मोठा वाद्यवृंद, जुलै १९५६, मध्यरात्रीची वेळ. 'डिमिन्युएन्डो अँड क्रेसेन्डो इन ब्लू'च्या मधोमध टेनर सॅक्सोफोनवर पॉल गोन्साल्विस उभा राहतो आणि ब्लूजची सत्तावीस आवर्तनं सलग वाजवतो. (गोव्याच्या वाचकांनी आडनावावर जाऊ नये, त्याचे पूर्वज केप व्हर्डे बेटांवरचे, पोर्तुगीज सत्ता तेवढी समान.) पहिल्या काही आवर्तनांत विशेष काही घडत नाही. मग प्रेक्षकांतून आरोळ्या येऊ लागतात, टाळ्यांचा ठेका धरला जातो, आणि त्या गदारोळानं वाजवणाऱ्यांना चढलेला जोर स्पष्ट ऐकू येतो. महिन्याभरानं एलिंग्टन 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकला.

मात्र हा अल्बम घेताना आवृत्ती बघून घ्यावी. गोन्साल्विस त्या रात्री भलत्याच मायक्रोफोनपुढं वाजवत होता, 'व्हॉइस ऑफ अमेरिका' रेडिओच्या. त्यामुळं कोलंबिया कंपनीच्या टेपवर त्याचा सॅक्सोफोन लांबून आल्यासारखा आहे. शिवाय १९५६च्या एलपीतला बराचसा भाग नंतर स्टुडिओत वाजवून वर टाळ्या चिकटवलेल्या. पुढं रेडिओची टेप सापडली आणि १९९९ला दोन्ही टेप जुळवून खरी मैफल दोन सीडींवर आली. तीच ऐकावी.

डेव्ह ब्रुबेकचा 'टाइम आउट' (१९५९) पाश्चात्त्य श्रोत्यांना थक्क करतो तो पाच आणि नऊ मात्रांमुळं. झपताल मोजलेल्या माणसाला 'टेक फाइव्ह'च्या पाच मात्रांचं काय अप्रूप? त्याचं लक्ष दुसऱ्या गोष्टीकडं जावं. जो मोरेलो ड्रम्सवर एकटा खेळत असताना ब्रुबेक पियानोवर तोच तुकडा न थकता फिरवत राहतो. तबल्याच्या एकल वादनात हार्मोनियमवर लेहरा धरतात, त्याहून हे वेगळं नाही. आदल्याच वर्षी, १९५८ला, ही चौकडी अमेरिकी सरकारच्या दौऱ्यावर भारतात आली होती आणि मुंबईत ब्रुबेकनं सतारिये अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्यासोबत वाजवलं होतं. लेहरा तिथून उचलला असं म्हणायला पुरावा नाही, आणि तसं म्हणूही नये. पॉल डेझमंडचा सॅक्सोफोनचा आवाज मात्र जिवाला थंडावा देणारा.

शब्दांशिवाय ज्यांना करमत नाही, त्यांनी 'एला अँड लुई' (१९५६) घ्यावा. एला फिट्झजेराल्डचा नितळ गळा आणि लुई आर्मस्ट्राँगचा खरखरीत, एवढ्यावर अल्बम उभा आहे. आर्मस्ट्राँगची छाया आपल्या घरांत केव्हाच पोचलीय: मुंबईचा आर्मस्ट्राँग म्हणवला जाणारा गोव्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट सी. रामचंद्र यांच्या 'अलबेला'च्या (१९५१) संगीतात होता.

यानंतर चार्ल्स मिंगसचा 'मिंगस आह उम', पुन्हा १९५९चाच. लेस्टर यंग हा सॅक्सोफोनवादक त्या मार्चमध्ये वारला. मे महिन्यात मिंगसनं त्याच्यासाठी 'गुडबाय पोर्क पाय हॅट' मुद्रित केलं. त्याच रेकॉर्डवर 'फेबल्स ऑफ फॉबस' आहे. लिटल रॉकच्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय मुलांना येऊ द्यायचं नाही म्हणून सैनिक उभे करणारा आर्कान्सासचा गव्हर्नर तो हा फॉबस. मिंगसनं त्याची शब्दांतही खिल्ली उडवली होती, पण कोलंबियाच्या रेकॉर्डवर शब्द नाहीत. ते १९६०मध्ये कॅन्डिड या छोट्या कंपनीच्या रेकॉर्डवर आले. दोन्ही लागोपाठ ऐकून पाहा. शब्द नसतानाही राग लपत नाही, हे या स्तंभाचं मत.

ऑर्नेट कोलमनचा 'द शेप ऑफ जॅझ टु कम' याच सुमाराचा. प्लास्टिकचा सॅक्सोफोन, पियानोला पूर्ण सुट्टी. 'लोन्ली वुमन' ऐकून कुणी पळून गेलं तर राग धरू नये, सहा महिन्यांनी पुन्हा लावावा.

आणि मग 'काइंड ऑफ ब्लू'. तोवर कॅननबॉल ॲडर्ली आणि जॉन कोल्ट्रेन या दोन सॅक्सोफोनवाल्यांतला फरक कळू लागेल: एक गप्पिष्ट, दुसरा हट्टी. इथंही आवृत्ती तपासावी. २ मार्च १९५९च्या मुद्रणाच्या वेळी मुख्य टेपयंत्र हळू फिरत होतं, त्यामुळं रेकॉर्डच्या पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना काही दशकं जलद आणि चढ्या सुरात विकल्या गेल्या. दुरुस्ती व्हायला नव्वदचं दशक उजाडलं. पेटी घेऊन सूर जुळवणाऱ्यांनी १९९७ची किंवा त्यानंतरची प्रत लावावी, आणि ॲपवर अल्बमच्या शेपटीला जोडलेले जादा टेक सुरू व्हायच्या आत बंद करावं.